बूट मिळणार नाहीत

स्टेशनाच्या शताब्दीच्या बँडची तालीम सकाळी सुरू झाली, तेव्हापासून मावशी तीनदा जिना उतरून भांडून आली होती. पहिल्यांदा तिनं नीट सांगितलं, की बाबांनो, वर माणसं झोपलीत. बँडवाल्यांनी माना डोलावल्या आणि पुढचं गाणं धरलं. दुसऱ्यांदा तिनं लाउडस्पीकरवाल्याला गाठलं आणि म्हणाली, तुझं ते हॅलो हॅलो फलाटाच्या त्या टोकाला जाऊन कर. त्यानं कर्णा फिरवला, तो नेमका वरच्या खिडकीकडे. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. गेली आणि वायर उपटली. त्यावरून बरीच तू-तू मैं-मैं झाली आणि वायर पुन्हा लागली.

आता कुणी म्हणेल, स्टेशन म्हटलं की आवाज आलाच. म्हणू द्या, म्हणणाऱ्याचं काय जातं. ड्रायव्हर माणसाला गाड्यांच्या आवाजात छान झोप लागते, जन्म त्यातच गेलेला असतो. पण एखादा ट्रम्पेटवाला एकाच जागी सूर चुकवतो आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो, तेव्हा मेलेला माणूससुद्धा उठून बसेल.

शहराचं हे मुख्य स्टेशन. रूळ इथं येऊन संपतात. पुढं वाट नाही. गाडी आली की आल्या वाटेनं माघारी. खाली फलाट, तिकीटघर, मोठा हॉल, आणि पार्सल ऑफिसच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, ड्रायव्हर लोकांची झोपायची जागा. तिला सगळे रनिंग रूम म्हणतात. बाहेरगावाहून गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर इथं अंघोळ करतो, जेवतो, झोपतो आणि झोप पुरी झाली की दुसरी गाडी घेऊन जातो. लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला जाड काळा पडदा, एक कायम गळणारा नळ, दाराशी मावशीचं स्टूल. स्टुलामागं भिंतीला लाकडी फळी आणि त्या फळीवर ओळीनं बूट.

बुटांचा इथं एक रिवाज आहे. तो कुठल्या नियमाच्या पुस्तकात नाही, पण मोडायची छाती आजवर कुणाची झालेली नाही. ड्रायव्हर आत आला की बूट मावशीच्या हवाली करायचे. झोपून उठला की मावशी विचारते, "कुठली गाडी, कुठला फलाट?" उत्तर बरोबर आलं तर बूट मिळतात. चुकलं तर बूट फळीवर आणि ड्रायव्हर परत खाटेवर, मग त्याची गाडी वाट बघत उभी का असेना. कारण दमलेला ड्रायव्हर झोपेतही चालतो. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. हाक मारली की "आलो" म्हणतो, तोंडावर पाणी मारतो, शर्टाची बटणं एकूण एक बरोबर लावतो, केसांवर कंगवा फिरवतो. हातापायांना सवय असते, ते आपापलं काम उरकतात. डोकं मात्र अजून उशीवरच असतं. अशा माणसाला विचारावं कुठली गाडी, तर तो कालची गाडी सांगतो. या रिवाजापायी सगळे मावशीला तिच्या पाठीमागं बूटमावशी म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. तिच्या आईलाही तेच म्हणायचे. रिवाज आईनंच पाडला.

का पाडला, ते खाली हॉलमधल्या प्रदर्शनात लिहिलेलं होतं. म्हणजे, लिहायला हवं होतं. शताब्दीनिमित्त स्टेशनाचा सगळा इतिहास मांडला होता. दगडी इमारतीच्या आधी इथं लाकडी शेड होती तिचं चित्र, जुने कंदील, पुठ्ठ्याची तिकिटं, घड्याळाच्या मनोऱ्याचे उतरवलेले काटे. आणि सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात, एक फोटो. फलाटाच्या टोकावर चढलेलं इंजिन आणि भोवती टोप्या घातलेले बघे. खाली पाटी: "नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी चालकाच्या निष्काळजीपणामुळे पाहुण्यांची विशेष गाडी फलाटाच्या टोकाला धडकली. चालकाचा जागीच मृत्यू."

तो चालक म्हणजे मावशीचे वडील. पाटी काल संध्याकाळी लागली. मावशीनं ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि जे मिळेल त्यावर राग काढत घरी गेली. डबा आपटला, दार आपटलं, नळ इतका पिळला की सकाळी उघडेना.

झालं होतं ते असं. वडील त्या दिवशी रात्रभर गाडी चालवून आले आणि नुकते कुठं आडवे झाले होते. ऑफिसातून माणूस आला. पाहुण्यांना आणायला गाडी पाठवायची आहे, ड्रायव्हर कमी पडलाय, याला उठवा. रनिंग रूम तेव्हा आईकडे होती. आई म्हणाली, आत्ताच पडलेत हो. माणूस म्हणाला, हुकूम आहे. आईनं हलवून उठवलं. वडील "आलो" म्हणाले आणि उभे राहिले. बोटं वळत नव्हती म्हणून आईनं खाली बसून त्यांच्या बुटांच्या लेस बांधल्या. आधीचा सगळा आठवडा ते दुसऱ्या मार्गावर होते. तिथं अशाच एका मोठ्या स्टेशनातून गाडी न थांबता आरपार निघून जाते. त्या अर्धवट झोपेत ते तेच स्टेशन समजून आत शिरले. इथं रूळ संपतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. पाहुण्यांना खरचटलं, वडील गेले. पुढं चौकशीत ऑफिसनं कानांवर हात ठेवले. आम्ही कुणाला झोपेतून उठवलं नाही, तो आपणहून आला. आई नंतर कितीतरी वर्षं जगली, पण त्या दिवसाचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, "लेस मी बांधल्या."

म्हणून बूट. म्हणून फळी. आणि खाली पाटीवर निष्काळजीपणा.

खिडकीशेजारच्या खाटेवर आज मावशीचा जावई झोपला होता, किंवा झोपायचा आटापिटा करत होता. रात्रभर मालगाडी ओढून सकाळी आला, डोळे लाल, आवाज बसलेला. बूट काढून देताना म्हणाला, "आई, घरच्या माणसाला तरी सूट द्या."

"घरच्या माणसाला तर मुळीच नाही," मावशी म्हणाली. "घरी तुम्ही जावईबापू. तिथं पानावर बसवून वाढीन. इथं ड्रायव्हर. आणा इकडं."

तो हसला आणि आत गेला. मग बँड सुरू झाला. मावशीनं दोनदा पडदा सरकवून पाहिलं, तर गडी कानावर उशी दाबून छताकडे बघत होता. बँड जरा थांबला आणि त्याचा डोळा लागतोय न लागतोय, तोच जिन्यावर पावलं वाजली.

सोहळासाहेब आले. शताब्दीच्या कामासाठी वरून खास पाठवलेला हा अधिकारी. सारखं "सोहळ्याला शोभेल असं", "सोहळ्याला बाधा नको", म्हणून लोकांनी नाव पाडलं ते पाडलंच. कडक इस्त्री, पायात तांबूस रंगाचे नवे कोरे बूट, इतके चकचकीत की त्यात भांग पाडावा.

"मावशी, तुमचे जावई इथं आहेत ना? उठवा त्यांना. शताब्दीच्या गाडीचा ड्रायव्हर पोट धरून बसलाय. त्या मार्गाचा माहितगार आत्ता स्टेशनात हाच एक आहे."

"त्यांची झोप झालेली नाही."

"सकाळपासून झोपलेत की."

"झोपले नाहीत, पडलेत. तुमचा बँड झोपू देईल तर ना."

"अहो, पुढच्या स्टेशनापर्यंत न्यायची आणि परत आणायची. चुटकीसरशी काम. मंचावर पाहुणे येऊन बसलेत."

"परत आणायची ना?" मावशी म्हणाली. "म्हणजे इथंच. जिथं रूळ संपतात तिथं."

सोहळासाहेबांना यातलं काही कळलं नाही, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. मावशीला ओलांडून ते आत गेले आणि पडदा सरकवला. त्या खोलीतला पडदा मावशीखेरीज कुणी सरकवत नाही. मावशीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण आत दुसरे दोन ड्रायव्हर झोपले होते, तिला ओरडता येईना. दातओठ खात ती दारात उभी राहिली.

साहेबांनी हाक मारली. जावई म्हणाला, "आलो." उठला, नळाशी गेला, तोंडावर पाणी मारलं, बटणं लावली, कंगवा फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, माणूस किती तयारीचा. येऊन मावशीसमोर उभा राहिला आणि हात पुढं केला.

"कुठली गाडी, कुठला फलाट?"

"कोळशाची मालगाडी," जावई म्हणाला. "फलाट नाही. यार्डात लावायची."

मावशीनं साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले. "चेष्टा करतोय सासूची. अहो, शताब्दीची गाडी. एक नंबर फलाट."

"शताब्दीची गाडी, एक नंबर फलाट," जावई म्हणाला.

"शेजारच्यानं सांगितलेलं उत्तर मी धरत नाही," मावशी म्हणाली. "जा, झोपा."

जावयाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, द्या ना. माझ्या बढतीची फाइल यांच्याच टेबलावर आहे. उगाच तमाशा नको."

"तमाशा मी लावलाय? खाली बँड मी बसवलाय?" मावशीनं फळीवरचे त्याचे काळे बूट उचलले आणि काखेत घट्ट दाबले. "बूट मिळणार नाहीत."

"तुम्ही कुणाशी बोलताय कळतंय का?" सोहळासाहेब म्हणाले. "ही काही तुमच्या घरची खोली नाही. उद्या या स्टुलावर दुसरी बाई बसेल."

"बसू दे. ती आज नाही ना बसलेली."

मग साहेबांनी जे केलं ते आजवर रनिंग रूममध्ये कुणी केलं नव्हतं. ते वाकले, आपले ते नवे कोरे बूट काढले आणि जावयासमोर ठेवले. "घाला हे. चला."

जावयानं पाय घातले. वाकून लेस बांधायचंही त्याला सुचलं नाही. पुढं साहेब मोज्यांवर, मागं जावई, असे दोघं जिना उतरायला लागले. साहेबांचा पाय मोठा होता. पायरीपायरीला ते बूट जावयाच्या टाचेवर आपटत होते.

मावशी दारात उभी राहिली. तिला एकदम सगळ्यांचाच राग आला. साहेबांचा तर होताच, जावयाचाही आला, की एका फाइलीपायी हा माणूस कुणाच्याही बुटात पाय घालतो. बँडचा आला. पाटी लिहिणाऱ्याचा आला. आणि सगळ्यांत जास्त आईचा आला, जो तिला जन्मात कधी आला नव्हता. का बांधल्यास लेस? का नाही खाली बसून त्यांचे पाय धरून ठेवलेस? मग तिच्या लक्षात आलं, की आपण तरी काय करतोय. बूट दिले नाहीत म्हणून आपले हात वर. काही वेडंवाकडं झालं तर संध्याकाळी लेकीसमोर जाऊन काय सांगणार? मी बूट दिले नव्हते हो, हे? लेक काय करेल त्या वाक्याचं, लोणचं घालेल?

ती धावत सुटली. गुडघे तिचे कधीचे कुरकुरत होते, पण तिनं कठडाही धरला नाही.

हॉलमध्ये तिनं त्यांना गाठलं. पलीकडे दारातून एक नंबर फलाट दिसत होता, फुलांनी सजवलेलं इंजिन, मंच, खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे.

"जावईबापू, थांबा."

तो थांबला, पण वळला नाही. "आई, आता पुरे झालं."

"एकच विचारते. मग जा, मी आडवी येणार नाही. पायांत बूट कुणाचे आहेत?"

"कुणाचे म्हणजे? माझेच," तो वैतागून म्हणाला. "तुम्हीच तर आत्ता दिलेत."



"खाली बघा," मावशी म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. तांबूस रंगाचे, टाचेपाशी उघडे पडलेले, सुटलेल्या लेस फरशीवर लोळताहेत असे बूट त्याच्या पायांत होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याची नजर मावशीच्या काखेतल्या काळ्या बुटांवर गेली, तिथून साहेबांच्या मोज्यांवर. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. तो भिंतीला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला.

"आई," तो म्हणाला, "जिना कधी उतरलो, तेच मला आठवत नाहीये."

"उठा, उठा," साहेब म्हणाले. "पाहुणे बसलेत. तोंडावर परत पाणी मारा, चहा घ्या—"

"नाही साहेब." जावयानं एकेक बूट काढला आणि बाजूला सारला. "मी गाडी नेणार नाही. फाइलीचं तुम्हाला काय करायचं ते करा."

मावशी खाली वाकली आणि दोन्ही तांबूस बूट उचलले. त्यात तिचा काही बेत नव्हता. ड्रायव्हरनं काढलेले बूट उचलायचे, ही हाताची सवय. एका काखेत काळे, एका काखेत तांबूस, असं घेऊन ती जावयाला वर घेऊन गेली. त्यानं डोकं टेकलं आणि पडदा ओढायच्या आत तो घोरायला लागला.

खाली लाउडस्पीकर बराच वेळ "थोड्याच वेळात, थोड्याच वेळात" करत राहिला. बँडवाल्यांनी येत होती ती सगळी गाणी संपवली आणि एकदाचे गप्प बसले. शेवटी सुट्टीवरच्या एका ड्रायव्हरला घरून बोलावून आणलं, तोवर निम्मे पाहुणे उन्हाला कंटाळून निघून गेले होते. उरलेल्यांना घेऊन गाडी गेली, आणि यथावकाश सुखरूप परत आली. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

संध्याकाळी सोहळासाहेब वर आले, मोज्यांवरच. दिवसभर फलाटावरून तसेच हिंडले होते. मोजे काळेकुट्ट झाले होते. आवाजात मात्र इस्त्री अजून शाबूत होती.

"तुमच्या जावयाची फाइल परत जाईल. तुमच्याबद्दलही वर कळवणार आहे."

"कळवा."

"माझे बूट द्या."

बूट फळीवर होते, ओळीत, इतरांच्या बुटांशेजारी. मावशी उठली आणि ते हातात घेतले, पण पुढं केले नाहीत.

"इथला रिवाज आहे," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय बूट देत नाही."

"मी काय ड्रायव्हर आहे?"

"फळीवर आलेले बूट सगळे सारखे. खाली कोपऱ्यात फोटो आहे. इंजिन फलाटावर चढलंय तो. त्या ड्रायव्हरला झोपेतून उठवायचा हुकूम कुणाचा होता?"

मावशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सकाळी कुणी हे विचारलं असतं, तर "माहीत नाही" असं त्यांना खरेपणानं म्हणता आलं असतं. आता त्यांना माहीत होतं. पडदा सरकवताना पडद्याची कड कशी लागते हातांना, हाक कशी मारतात, माणूस कसा "आलो" म्हणतो, सगळं आता ठाऊक होतं. ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच मावशी वाट बघत राहिली. "ऑफिसचा" एवढा एक शब्द म्हणाला असता माणूस, तर तिनं बूट पुसून हातात दिले असते.

साहेबांनी घसा साफ केला. "त्या प्रकरणाची रीतसर चौकशी झालेली आहे," ते म्हणाले. "निष्काळजीपणा चालकाचाच होता."

मावशीनं बूट परत फळीवर ठेवले आणि टाचा नीट ओळीत लावल्या.

"चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही अजून जागे झाला नाहीत. बूट मिळणार नाहीत."

साहेब जिना उतरून गेले. मोज्यांवर असल्यामुळं पावलांचा आवाजच आला नाही. मावशी स्टुलावर बसली. आत जावई घोरत होता, म्हणून तिनं दार हलक्या हातानं ओढून घेतलं.